कॉलेज छोटं, क्लास युमासला: फाइव्ह कॉलेजमध्ये दुसरीकडे कोर्स कसा घ्यायचा

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅडमिशनचे निकाल लागले की ओळखीतून कुणाचे ना कुणाचे आईबाबा फोन करतात आणि प्रश्न साधारण एकच असतो. मुलीला माउंट होल्योकला नाहीतर स्मिथला अ‍ॅडमिशन मिळालीये, स्कॉलरशिपही चांगली आहे, पण कॉलेज एवढंसं, सगळे मिळून दोन-अडीच हजार विद्यार्थी, मग तिला हवे ते विषय तिथे मिळणार का? माझं उत्तर ठरलेलं आहे. कॉलेजात नसेल तर शेजारी मिळेल, आणि तो शेजार खूप मोठा आहे. मी स्वतः माउंट होल्योकला शिकले आणि तिथून युमासला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅमहर्स्ट कॅम्पसला जाऊन क्लास केलेत, त्यामुळे हे सगळं कसं चालतं ते एकदा सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

आधी हे फाइव्ह कॉलेज प्रकरण काय आहे ते. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात पाच संस्था एकमेकींच्या अगदी जवळ आहेत: अ‍ॅमहर्स्ट कॉलेज, स्मिथ, माउंट होल्योक (ही दोन मुलींची), हॅम्पशायर आणि युमास. पहिली तिन्ही जुनी आणि छोटी, होल्योक १८३७ चं, अ‍ॅमहर्स्ट १८२१ चं, स्मिथ १८७५ ला सुरू झालं. युमास ही सरकारी युनिव्हर्सिटी, १८६३ मध्ये शेतकी कॉलेज म्हणून स्थापन झाली आणि आज तिथे पदवीचेच वीस हजारांच्या वर विद्यार्थी आहेत. हॅम्पशायर तर या बाकीच्या चौघांनी मिळून आखलेलं, तिथे पहिली बॅच १९७० ला आली. १९६५ मध्ये फाइव्ह कॉलेजेस नावाची संस्था रीतसर नोंदवली गेली आणि तेव्हापासून एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने दुसरीकडे क्लास घेणं ही इथली रोजची गोष्ट आहे. याला इंटरचेंज म्हणतात. वेगळी फी नाही, तुम्ही तुमच्या कॉलेजला जी फी भरता त्यातच हे येतं (लॅबचं किंवा पुस्तकांचं काही असेल तर ते वेगळं), मार्क तुमच्याच ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर येतात आणि डिग्री तुमच्याच कॉलेजची मिळते.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत एका युनिव्हर्सिटीखाली शंभर कॉलेजं असतात पण रुपारेलची मुलगी रुइयात जाऊन एखाद्या विषयाला बसली आणि त्याचे मार्क धरले असं आजवर होत नव्हतं, म्हणून बऱ्याच पालकांना हे खरंच वाटत नाही. "म्हणजे ट्रान्सफर घ्यावी लागेल का?" असं विचारतात. नाही, ट्रान्सफर वगैरे काही नाही. सकाळी होल्योकला केमिस्ट्री, दुपारी बस पकडून युमासला लिंग्विस्टिक्स, रात्री जेवायला परत आपल्या हॉस्टेलवर, असा दिवस असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्यांना वाटतं अवघड काम म्हणजे फॉर्म भरणं आणि परवानगी मिळवणं. तसं नाहीये, फॉर्म होऊन जातो. खरं काम वेळापत्रकाचं आहे. दोन कॉलेजांची वेळापत्रकं, दोन सुट्ट्यांच्या याद्या, दोन परीक्षा पद्धती आणि मध्ये एक बस, हे सगळं तुमच्या एका आठवड्यात बसवायचं असतं. ज्यांनी हे आधी कागदावर मांडलं त्यांचा कोर्स छान होतो, आणि ज्यांनी आधी कोर्स घेतला आणि मग बसचं बघू म्हटलं ते ऑक्टोबरपर्यंत वैतागून सोडतात. दर वर्षी हेच बघते.

म्हणून सुरुवात बसपासून करा, खरंच सांगते, कोर्स कॅटलॉगच्या आधी बसचं टाइमटेबल उघडा. इथे पीव्हीटीए म्हणून बससेवा आहे आणि पाच कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना भाडं पडत नाही. होल्योकहून हॅम्पशायर आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेजवरून युमासला जाते ती ३८ नंबरची. स्मिथ नॉर्थॅम्प्टनला आहे, नदीच्या पलीकडे, तिथून हॅडलीमार्गे अ‍ॅमहर्स्टला येते ती बी-४३. स्मिथ ते होल्योक थेट जायचं तर ३९ नंबर. होल्योक ते युमास अंतर १५-१६ किलोमीटर असेल, रस्ता डोंगराच्या खिंडीतून जातो, बस मध्ये थांबत थांबत जाते त्यामुळे अर्धा-पाऊण तास धरायचाच. नॉर्थॅम्प्टनहून अंतर कमी आहे पण रूट ९ वर हॅडलीचे मॉल आणि नदीवरचा पूल लागतो, संध्याकाळी तिथे गाड्या तुंबतात. शनिवार-रविवारी आणि कॉलेजच्या सुट्टीत बसच्या फेऱ्या कमी होतात, काही रूटचं तर वेळापत्रकच बदलतं, त्यामुळे सेमिस्टरच्या दिवसांचं टाइमटेबल आणि सुट्टीतलं टाइमटेबल दोन्ही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मग हिशोब असा मांडायचा. युमासला मंगळवार-गुरुवारचे क्लास सव्वा तासाचे असतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, साडेआठ, दहा, साडेअकरा, एक, अडीच, चार अशा. सोमवार-बुधवार-शुक्रवारचे बहुतेक पन्नास मिनिटांचे. आता पन्नास मिनिटांच्या क्लाससाठी आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये घालवायचा की सव्वा तासाच्या क्लाससाठी दोनदाच जायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा, पण मला विचाराल तर मंगळवार-गुरुवारवाला घ्या, आणि शक्य असेल तर त्याच दोन दिवसांत युमासचं दुसरं काही काम, लायब्ररी, प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळा), सगळं बसवा. दहाच्या क्लाससाठी नऊच्या आसपास निघायचं म्हणजे त्या दिवशी आपल्या कॉलेजात सकाळचा क्लास नको. साडेअकराचा क्लास पावणेएकला सुटतो, बस मिळून होल्योकला यायला पावणेदोन-दोन होतात, म्हणजे आपल्याकडे दीडचा क्लास किंवा लॅब असेल तर ते जमणारच नाही. सायन्सच्या मुलींनी तर लॅबची दुपार आधी ठरवायची आणि मगच बाकीचं बघायचं. एक कोरा कागद घ्या, सोमवार ते शुक्रवार रकाने पाडा आणि क्लासच्या मागे-पुढे बसचा वेळसुद्धा क्लाससारखाच रंगवून टाका. तो वेळ रिकामा नाहीये हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे डिस्कशन सेक्शन. छोट्या कॉलेजात पंधरा-वीस जणांचा वर्ग असतो, प्रोफेसर स्वतःच सगळं घेतात. युमासला सुरुवातीच्या पातळीचे बरेच कोर्स मोठ्या हॉलमध्ये होतात, दोनशे-तीनशे मुलं, आणि आठवड्यातून एकदा टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, छोट्या गटाचा वेगळा तास घेतो, बहुधा शुक्रवारी. तो तासही कोर्सचाच भाग असतो, त्याचा वेगळा सेक्शन नंबर असतो आणि रजिस्टर करताना तोही निवडावा लागतो. म्हणजे तुम्ही मंगळवार-गुरुवार समजून कोर्स घेतला आणि शुक्रवारी सकाळी तिसरी फेरी निघाली असं होऊ शकतं. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या खाली बारीक अक्षरात सगळे सेक्शन दिलेले असतात ते शेवटपर्यंत वाचा. तसंच मोठ्या कोर्सच्या मिडटर्म संध्याकाळी सात ते नऊ अशा ठेवतात, क्लासच्या वेळेत नाही. त्या तारखा सिलॅबसमध्ये पहिल्याच दिवशी दिलेल्या असतात, त्या दिवशीची रात्रीची शेवटची बस किती वाजता आहे ते तेव्हाच बघून ठेवायचं आणि फारच उशीर होणार असेल तर युमासला कुणाकडे राहायची सोय किंवा गाडीवाली मैत्रीण आधीच बघायची.

आता कोणता कोर्स घ्यायचा याबद्दल. नाव मोठं म्हणून काहीही घेऊ नका. जे आपल्या कॉलेजात चांगलं शिकवतात ते आपल्याकडेच करावं, कारण पंधरा मुलींच्या वर्गात प्रोफेसर तुम्हाला नावाने ओळखतात, पुढे रेकमेंडेशन लेटर तेच देतात, आणि ते सोडून तोच कॅल्क्युलस तीनशेच्या हॉलमध्ये जाऊन करण्यात काही अर्थ नाही, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं आहे ते. युमासला जावं ते आपल्याकडे नाही त्यासाठी. तिथलं लिंग्विस्टिक्स डिपार्टमेंट देशात नावाजलेलं आहे, फूड सायन्स आहे, इंजिनिअरिंग आहे (स्मिथला स्वतःचं इंजिनिअरिंग आहे, पण होल्योकला नाही), पॉलिमर सायन्स आहे, पब्लिक हेल्थ आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाला ग्रॅज्युएट लेव्हलचा एखादा कोर्सही प्रोफेसरांनी परवानगी दिली तर घेता येतो, आणि पुढे पीएचडी करायची असेल तर त्याचा फार उपयोग होतो. अवघड जातं ते कॉम्प्युटर सायन्स आणि मॅनेजमेंटमध्ये, कारण तिथे युमासच्या स्वतःच्या मुलांनाच जागा पुरत नाहीत, बाहेरच्यांचा नंबर शेवटी लागतो. तिथे अर्ज जरूर करा पण त्या एका जागेवर सेमिस्टर अवलंबून ठेवू नका, आपल्या कॉलेजातला एक कोर्स जोडीला रजिस्टर करून ठेवा.

आणि इंटरचेंज म्हणजे फक्त युमास असंही नाही. खगोलशास्त्र आणि डान्स ही तर पाचही कॉलेजांची मिळून एकच डिपार्टमेंट आहेत. शिवाय लॉजिक, बुद्धिस्ट स्टडीज, इंटरनॅशनल रिलेशन्स अशा विषयांत फाइव्ह कॉलेजची सर्टिफिकेट मिळतात, त्यात वेगवेगळ्या कॅम्पसवरचे कोर्स एकत्र धरतात. एकेका कॉलेजात त्या विषयाचे दोन-तीनच प्रोफेसर असतील, पाचांचे मिळून चांगला भरभक्कम विभाग होतो, हीच तर या व्यवस्थेची गंमत आहे.

रजिस्ट्रेशन कसं होतं ते आता. पुढच्या सेमिस्टरचं प्री-रजिस्ट्रेशन साधारण नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये असतं. फाइव्ह कॉलेजचा एकत्र कोर्स कॅटलॉग ऑनलाइन असतो, त्यात कॅम्पस निवडून शोधायचं. कोर्स सापडला की अर्ज आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारमार्फत करायचा, युमासकडे परस्पर नाही. तुमच्या अ‍ॅडव्हायझरची संमती लागते, काही कोर्सला तिथल्या प्रोफेसरचीही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला सहसा जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, आधी आपलं कॉलेज तर नीट बघून घ्या. एका सेमिस्टरला बाहेरचे किती कोर्स घेता येतात याची मर्यादा प्रत्येक कॉलेजची वेगळी आहे. उन्हाळी कोर्स यात येत नाहीत, युमासच्या कंटिन्युइंग एज्युकेशन विभागाकडून चालतात ते ऑनलाइन कोर्सही सहसा येत नाहीत, त्यांची फी वेगळी भरावी लागते, म्हणून कॅटलॉगमध्ये बघताना तो दिवसा कॅम्पसवर होणारा नेहमीचा कोर्स आहे ना याची खात्री करा.

जिथे घोडं अडतं ती जागा म्हणजे प्रीरिक्विझिट, म्हणजे त्या कोर्सच्या आधी केलेला असावा लागतो तो कोर्स. युमासच्या सिस्टिमला, तिला स्पायर म्हणतात, तुम्ही होल्योकला केलेला कोर्स दिसत नाही. त्यामुळे तुम्ही स्टॅटिस्टिक्स उत्तम मार्कांनी केलं असलं तरी सिस्टिम म्हणू शकते की तुमची पात्रता नाही. अशा वेळी घाबरायचं नाही, त्या प्रोफेसरला ईमेल करायची. ईमेल छोटी असावी पण त्यात सगळं असावं: मी अमुक कॉलेजची, अमुक वर्षाची, इंटरचेंजमधून तुमचा अमुक नंबरचा कोर्स आणि अमुक सेक्शन घ्यायचाय, त्यासाठी लागणारा कोर्स मी आमच्याकडे अमुक नावाने केलाय, त्याचा सिलॅबस सोबत जोडलाय, आणि हा कोर्स मला का हवाय ते एका वाक्यात. सिलॅबस जोडलात की प्रोफेसरला दोन मिनिटांत निर्णय घेता येतो. जोडला नाहीत तर ते विचारणार, तुम्ही दोन दिवसांनी पाठवणार, तोवर जागा जाणार. आपल्याकडच्या मुलींना अनोळखी प्रोफेसरला ईमेल करायला फार संकोच वाटतो, "सरांना त्रास होईल" असं वाटतं. अजिबात वाटू देऊ नका. इथे ते त्यांच्या कामाचाच भाग मानतात, आणि आठवड्यात उत्तर नाही आलं तर एक आठवण करणारी ईमेलही चालते. सेमिस्टर सुरू झाल्यावरसुद्धा पहिल्या आठवड्यात बरीच मुलं कोर्स सोडतात आणि जागा निघतात, म्हणून नंबर लागला नसला तरी पहिल्या तासाला जाऊन बसा, तास संपल्यावर प्रोफेसरला भेटून नाव सांगा.

जागा मिळाली की तिथलं वेगळं लॉगिन मिळतं, ते लगेच चालू करा. कोर्सचं सगळं साहित्य, नोटिसा, होमवर्क त्या लॉगिनवर येतं आणि कितीतरी जणी फक्त आपल्या कॉलेजची ईमेल बघत बसतात. तिथली ईमेल आपल्या फोनवर आणून ठेवा.

सुट्ट्यांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. होल्योक आणि स्मिथला माउंटन डे नावाची फार गोड पद्धत आहे, शरद ऋतूत एका दिवशी सकाळी अचानक घंटा वाजतात आणि सगळे क्लास रद्द, सगळ्या जणी डोंगरावर जातात. होल्योकला हे १८३८ पासून चालू आहे. तारीख आधी कुणालाच सांगत नाहीत. पण युमासला माउंटन डे नसतो, तिथला क्लास चालूच असतो, आणि त्याच दिवशी तिकडे क्विझ असेल तर ती द्यावीच लागते. तसंच ऑक्टोबरमध्ये छोट्या कॉलेजांना दोन दिवस सुट्टी मिळते, युमासला एकच सोमवार, आणि वर तो बुडालेला सोमवार भरून काढायला ते एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी "आज सोमवारचं टाइमटेबल" असं जाहीर करतात. त्या दिवशी तुमचा सोमवारचा युमासचा क्लास मंगळवारी होणार आणि मंगळवारी तर तुमचा होल्योकला दुसराच क्लास असणार. अशा वेळी काय करायचं? सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात दोन्ही कॅलेंडर शेजारी ठेवून असे सगळे दिवस शोधून काढायचे आणि दोन्ही प्रोफेसरना तेव्हाच ईमेल करून सांगायचं की अमुक तारखेला माझी अशी अडचण आहे. सप्टेंबरात सांगितलं तर सगळे समजून घेतात, आदल्या रात्री सांगितलं तर नाराज होतात. बर्फाचंही तेच. एक कॉलेज बंद आणि दुसरं चालू असं होतं, कधी दोन्ही चालू आणि बसच बंद. बस बंद असेल तर जायचा हट्ट करू नका, प्रोफेसरला कळवा आणि नोट्स मागून घ्या, फेब्रुवारीत त्या खिंडीतल्या रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीतून जाण्याइतकं महत्त्वाचं कुठलंच लेक्चर नसतं.

अ‍ॅड-ड्रॉपच्या, म्हणजे कोर्स घ्यायच्या-सोडायच्या, तारखाही दोन्हीकडे वेगळ्या. सोपा नियम, दोन्हीपैकी जी तारीख आधीची तीच आपली समजायची.

शेवटच्या परीक्षेचा विचारही आधीच करा. होल्योकला आणि स्मिथला बहुतेक परीक्षा आपण आपल्या सोयीने ठरावीक दिवसांमधून दिवस निवडून देतो, कुणी पहारा करत नाही, विश्वासावर चालतं. युमासला तसं नाही, तारीख-वेळ-हॉल सगळं त्यांचं रजिस्ट्रार ऑफिस ठरवतं आणि ते सेमिस्टर बऱ्यापैकी पुढे गेल्यावर कळतं. म्हणून डिसेंबरचं भारताचं तिकीट काढायची घाई करू नका. घरचे सप्टेंबरपासून मागे लागतात, तिकिटं महाग होतायत, लवकर काढ म्हणून, पण युमासचा कोर्स असेल तर त्यांच्या परीक्षेच्या दिवसांतला शेवटचा दिवस धरूनच तिकीट काढा. आणि तुमची परीक्षा हॉस्टेल बंद व्हायच्या तारखेनंतर येत असेल तर आपल्या कॉलेजच्या हाउसिंग ऑफिसला कळवा, जास्त दिवस राहू द्या म्हणून अर्ज करता येतो. ज्यांचं शेवटचं सेमिस्टर आहे त्यांनी तर अजून एक गोष्ट बघायची, मे महिन्यात पदवीदान असतं आणि आपल्या कॉलेजला त्याआधी मार्क लागतात, त्यामुळे युमासच्या प्रोफेसरला सुरुवातीलाच सांगून ठेवा की मी सीनियर आहे, माझे मार्क लवकर लागतील.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तुमचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, तुमच्या कॉलेजचा असतो आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. इंटरचेंजचा कोर्स तुमच्याच कॉलेजच्या रजिस्ट्रेशनमध्ये येतो त्यामुळे तो त्यात धरला जातो. पण युमासचे बरेच कोर्स तीन क्रेडिटचे असतात आणि आपल्याकडचे चारचे, त्याचा हिशोब आपलं कॉलेज कसा करतं ते रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या, विशेषतः तुम्ही काठावर असाल तर. पूर्ण ऑनलाइन कोर्स असेल तर एका सेमिस्टरला त्यातला एकच, तीन क्रेडिटपर्यंतच, पूर्ण-वेळ अभ्यासात धरतात. आणि युमासच्या प्रोफेसरने लॅबमध्ये पगारी काम देऊ केलं तर लगेच हो म्हणू नका. एफ-१ वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं पण तो कॅम्पस तुमचा धरला जातो, दुसऱ्या संस्थेचं काम त्यात बसतं की नाही हे आधी आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, काम सुरू करायच्या आधी, नंतर नाही.

जेवणाचं पण सांगते कारण आया हा प्रश्न हमखास विचारतात. युमासचं जेवण प्रिन्स्टन रिव्ह्यूच्या यादीत कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर आलंय, आणि खरंच चांगलं आहे, शाकाहारी मुलींचीही आबाळ होत नाही. जेवणाच्या वेळेत तिकडे क्लास असेल तर आपल्या कॉलेजच्या मील प्लॅनवर तिथे जेवायची काही सोय आहे का ते डायनिंग ऑफिसला विचारा. नसेल तर डबा. दोन वाजेपर्यंत उपाशी राहून परत यायचं हे एक-दोनदा ठीक आहे, पूर्ण सेमिस्टर नाही.

आणि कोर्सच्या पलीकडे जे मिळतं त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाचही कॉलेजांची लायब्ररी तुम्हाला खुली असते, पुस्तक दुसऱ्या कॅम्पसवर असेल तर मागवलं की आपल्या लायब्ररीत येतं. युमासची लायब्ररी म्हणजे विटांचा एक उंचच उंच टॉवर आहे, लांबून दिसतो, त्याला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचं नाव दिलंय. डु बॉइस हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले मोठे विचारवंत, याच भागातले, जन्म १८६८ चा ग्रेट बॅरिंग्टनचा. त्यांचे कागदपत्र या टॉवरमध्ये पंचविसाव्या मजल्यावर जपून ठेवलेत. आणि त्यात बाबासाहेबांचं पत्र आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डु बॉइसना लिहिलेलं. त्यात ते म्हणतात की अमेरिकेतल्या काळ्यांच्या प्रश्नाचा मी अभ्यास केलाय, त्यांची स्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती यात इतकं साम्य आहे की तो अभ्यास करणं गरजेचंच आहे, आणि काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज दिलाय त्याच्या दोन-तीन प्रती मला मिळतील का अशी विनंती केलीये. डु बॉइसनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर दिलं, आपलं नाव मी ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे असं लिहिलं. दोन्ही पत्रं युमासने स्कॅन करून ऑनलाइन टाकलीत, कुणीही घरबसल्या वाचू शकतं. पण तुम्ही त्याच आवारात क्लासला जात असाल, इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा कोर्स करत असाल तर वर जाऊन तिथल्या आर्काइव्हच्या लोकांशी बोला, काय बघता येईल, अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते ते सांगतात. मी तिथला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचा कोर्स घेतला तेव्हा टर्म पेपरचा विषय शोधत होते आणि या पत्रावरच लिहिलं. एकाच पानाचं पत्र, टाइप केलेलं, खाली सही. साताऱ्यात शाळा शिकलेल्या माणसाचं पत्र मॅसॅच्युसेट्सच्या टॉवरमध्ये वाचताना जे वाटलं ते अजून तसंच आठवतं. कॉलेज छोटं आहे म्हणून काळजी करणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगते.

वर्गातल्या बदलाबद्दल थोडं. छोट्या कॉलेजातून गेलेल्या मुलींना मोठ्या हॉलमध्ये सुरुवातीला हरवल्यासारखं होतं, कुणी ओळखत नाही, शेजारी रोज वेगळं कुणीतरी बसतं. पुढच्या तीन रांगांत बसा. टीएला पहिल्या दोन आठवड्यांत भेटा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर पहिल्याच मीटिंगला सांगा की मी बसने येते, रात्री दहाची मीटिंग मला जमणार नाही, क्लासच्या आधी किंवा नंतर ठेवा नाहीतर झूमवर करू. युमासची मुलं कॅम्पसवरच राहतात, त्यांच्या डोक्यात बस येत नाही, सांगितलं की लगेच ऐकतात. हजेरी क्लिकरवर घेत असतील, म्हणजे फोनवरून उत्तर दाबलं की हजेरी, तर बस उशिरा आली की मार्क जातात, त्यासाठी आधीची बस पकडायची सवय लावा. शिकण्यात अडचण किंवा तब्येतीच्या कारणाने तुम्हाला परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलत असेल तर ती तिकडे आपोआप लागू होत नाही, आपल्या कॉलेजच्या ऑफिसला सांगून ती तिकडच्या ऑफिसला कळवायला लावायची.

तुमची अ‍ॅडमिशन दुसरीकडे झाली असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. वेल्झलीच्या मुली एमआयटीला जातात, बार्नर्डच्या कोलंबियाला, आणि फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोरचे विद्यार्थी ट्रेनने पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत जाऊन कोर्स करतात. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, पण बस किंवा ट्रेन आधी, कॅलेंडर शेजारी शेजारी आणि प्रोफेसरला वेळेत ईमेल, हे तिन्ही सगळीकडे तेच. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच कॉलेजला एवढं विचारा की गेल्या वर्षी माझ्या विषयाच्या किती विद्यार्थ्यांनी तिकडे कोर्स घेतला आणि कोणते घेतले. ब्रोशरमध्ये "पार्टनर युनिव्हर्सिटी" असं सगळेच लिहितात, या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिथे खरंच किती जाणं-येणं आहे ते कळतं.

कोर्स संपला की एक शेवटचं काम. युमासचा कोर्स तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर येतो, पण नाव बहुधा तुटक असतं, आणि पुढे मास्टर्सला अर्ज करताना त्या कोर्समध्ये नेमकं काय शिकलात असं विचारलं जातं. तिथलं लॉगिन काही दिवसांनी बंद होऊ शकतं. म्हणून शेवटच्या आठवड्यातच सिलॅबसची पीडीएफ, तुमचे पेपर आणि प्रोजेक्ट स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि प्रोफेसरकडून पुढे कधी लेटर लागणार असेल तर त्यांना तेव्हाच भेटून तसं सांगून ठेवा.